उंचीवरचा तंबूतला ट्रेक: तयारी रात्रींची करा

पहिल्यांदा मोठ्या उंचीवर, सात-आठ दिवसांच्या ट्रेकला निघणारा माणूस चौकशी करतो ती चालण्याची. रोज किती किलोमीटर, चढ किती, खिंड किती उंच. खरं तर चालणं बहुतेकांना जमतं. चालताना अंग गरम असतं, सोबतीला गप्पा असतात आणि दमलं तर बसता येतं. माणसं खचतात ती रात्री. डोकं ठणकतंय, झोप लागत नाही, पाय गार पडलेत, बाटलीतलं पाणी गोठलंय आणि पहाटे तीनला तंबूची चेन उघडून बाहेर जायचंय. अशा दोन रात्री लागोपाठ काढल्या की तिसऱ्या दिवशी सोपा चढही जड जातो. म्हणून या लेखात झोपण्याबद्दल जास्त आणि चालण्याबद्दल कमी लिहिलं आहे. उंची साधारण ३,५०० ते ५,५०० मीटर आणि मुक्काम तंबूत, असं धरून चाललो आहे.

आधी कार्यक्रम वाचायला शिका

ट्रेक निवडताना फोटो बाजूला ठेवा. एक कागद घ्या आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची एकाखाली एक लिहा. दिवसभरात कुठवर चढलात याला महत्त्व आहेच, पण शरीर हिशेब ठेवतं तो झोपायच्या उंचीचा.

वाइल्डरनेस मेडिकल सोसायटीच्या मार्गदर्शक सूचना सरळ आहेत: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. म्हणजे तुमच्या कागदावर २,७००, ३,१००, ३,६००, ३,६००, ४,०००, ४,४०० असे आकडे दिसले तर कार्यक्रम नीट बसवलेला आहे. २,७०० वरून ३,६०० आणि तिथून थेट ४,५०० दिसलं, तर आयोजक कितीही नावाजलेला असो, दुसरा कार्यक्रम शोधा. कधी भूगोलच अडवतो. मधे तंबू लावायला सपाट जागा किंवा पाणी नसतं आणि एका दिवशी सातशे-आठशे मीटर चढावंच लागतं. मग त्या उडीच्या आधी किंवा नंतर एक जादा रात्र असायला हवी. सरासरी सांभाळली की चालतं.

दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला येणं मात्र फायद्याचं. ५,८९५ मीटर उंचीच्या किलिमांजारोवर मचामे आणि लेमोशो या वाटा याच तत्त्वावर चालतात. दुपारी लाव्हा टॉवरपाशी सुमारे ४,६०० मीटरला जायचं आणि झोपायला बरांकोच्या कॅम्पवर चार हजाराच्या आसपास उतरायचं. नवख्यांना तो दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. चढलेलं सगळं उतरलो, मग मिळवलं काय? पण त्या दिवसाची मेहनत पुढच्या रात्रींना उपयोगी पडते. याच डोंगरावर पाच दिवसांचेही कार्यक्रम मिळतात आणि आठ दिवसांचेही. नवख्या माणसाने आठ दिवसांचा घ्यावा, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही.

विमानाने थेट उंचीवर उतरत असाल तर ट्रेकचा पहिला दिवस तोच धरा. लेह किंवा पेरूमधल्या कुस्कोसारखी शहरं साधारण ३,४०० ते ३,५०० मीटरवर आहेत. तिथे उतरल्यावर पहिले दोन दिवस काहीही करू नका. फिरायलाही हळू जा. पीटर हॅकेट आणि ड्रमंड रेनी या डॉक्टरांनी एव्हरेस्टच्या वाटेवर ४,२४३ मीटरवरच्या फेरिचे इथे २७८ ट्रेकर तपासून १९७६मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यापैकी निम्म्याहून जास्त लोकांना उंचीचा त्रास झालेला होता, आणि त्या वाटेवरच्या लुक्ला गावापर्यंत विमानाने आलेल्यांत तो पायी आलेल्यांपेक्षा अधिक होता.

कार्यक्रमात एक राखीव दिवस हवाच. हवा बिघडली, कुणी आजारी पडलं, ओढ्याला पाणी चढलं, तर तो दिवस कामी येतो. नसला तर नेमक्या चुकीच्या दिवशी खिंड ओलांडायचा हट्ट धरला जातो.

आयोजकाला किंवा वाटाड्याला आधीच विचारा: प्राणवायूचं सिलिंडर कितव्या कॅम्पवर आणि कुणाकडे असेल? माणूस आजारी पडला तर त्याला खाली कोण नेईल आणि वाटेने किती तास लागतील? मागे फिरायचा निर्णय कुणाचा? ओझं वाहणाऱ्यांना तंबू आणि गरम कपडे मिळतात का? शेवटचा प्रश्न माणुसकीचा आहेच, पण त्याच्या उत्तरावरून आयोजक काटकसर नेमकी कुठे करतो हेही कळतं. विमा काढताना उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टरने सुटकेचा खर्च या दोन ओळी शोधून वाचा. पुष्कळ पॉलिसी ठरावीक उंचीच्या वर लागूच होत नाहीत.

विरळ हवा शरीरात काय करते

उंचीवर हवेतला प्राणवायूचा टक्का कमी होत नाही. तो तिथेही २१च असतो. कमी होतो तो हवेचा दाब, त्यामुळे एका श्वासात प्राणवायू कमी जातो. ३,५०० मीटरला दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोनतृतीयांश उरतो, ५,५०० मीटरला निम्मा. शरीर याला उत्तर म्हणून जोरात आणि भरभर श्वास घेतं. त्यातून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, रक्ताचा तोल बदलतो आणि मूत्रपिंडं तो सावरायला बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून देतात. याला काही दिवस लागतात आणि कितीही पैसे मोजले तरी ते दिवस कमी होत नाहीत. वर गेल्यावर वारंवार लघवीला लागत असेल तर कुरकुरू नका, शरीर कामाला लागलंय.

रात्री आणखी एक गोष्ट घडते. झोपेत श्वास काही सेकंद थांबतो, मग दोन-चार मोठे श्वास येतात, मग पुन्हा थांबतो. स्वतःला दचकून जाग येते, नाहीतर शेजारी झोपलेला घाबरून हलवून उठवतो. बहुतेक वेळा यात धोका नसतो. तंबूतल्या जोडीदाराला हे पहिल्याच संध्याकाळी सांगून ठेवा.

आता आजार. नव्या उंचीवर पोचल्यानंतर सहा ते बारा तासांत डोकं दुखू लागलं आणि त्याबरोबर मळमळ किंवा भूक न लागणं, गळून जाणं, चक्कर यांपैकी काही असेल, तर तो उंचीचा आजार समजायचा. ट्रेकर त्याला एएमएस म्हणतात. ऊन लागलं असेल, पाणी कमी प्यायलो असेन, झोप झाली नाही म्हणून असेल, अशी कारणं मन लगेच पुढे करतं. उंचीवर डोकेदुखी ही उंचीचीच धरून चाला, दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत. उपाय साधा आहे: वर जायचं नाही. त्याच कॅम्पवर थांबा, पाणी प्या, थोडं खा, पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घ्या. सकाळी बरं वाटलं तर पुढे. बरं वाटत नसेल तर आणखी एक दिवस थांबा. त्रास वाढत असेल तर लगेच खाली.

दोन प्रकार जिवावरचे आहेत आणि ते ओळखता आलेच पाहिजेत. पहिला मेंदूला सूज येण्याचा. माणूस झोकांड्या देतो, बोलण्यात गोंधळतो, बडबड्या असेल तर गप्प होतो, विनाकारण चिडतो. त्याला सरळ रेषेत एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत दहा पावलं चालायला सांगा. तोल जात असेल तर चर्चा संपली. दुसरा प्रकार फुप्फुसात पाणी होण्याचा. बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, ओठ आणि नखं निळसर दिसतात, पुढच्या टप्प्यावर गुलाबी फेस येतो. हा बहुधा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या रात्री उलटतो. चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६०मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये याबद्दल लिहिलं, त्याआधी अशा रुग्णांना सर्रास न्यूमोनिया झाला असं समजलं जाई.

दोन्हींवर खरा इलाज एकच आहे: खाली उतरणं, ताबडतोब, रात्र असली तरी. जमल्यास हजार मीटर, निदान लक्षणं कमी होईपर्यंत तरी. रुग्णाला एकट्याला कधीही पाठवू नका. फुप्फुसात पाणी झालेल्या माणसाला शक्यतो चालवू नका, श्रमाने त्रास वाढतो. प्राणवायू, डेक्सामेथासोन आणि निफेडिपीन ही औषधं, रुग्णाला आत ठेवून हवेचा दाब वाढवणारी गॅमो पिशवी यांनी वेळ मिळतो. तो वेळ उतरण्यासाठी वापरायचा असतो.

‘मी रोज धावतो, मला काय होणार’ हा गैरसमज घरीच ठेवा. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९मध्ये १,९२५ भारतीय सैनिकांना झालेल्या उंचीच्या आजाराची नोंद प्रसिद्ध केली. ती तरणीबांड, कमावलेल्या शरीराची माणसं होती. तंदुरुस्त माणसाला उलट धोका थोडा अधिकच म्हणावा लागेल, कारण तो भरभर वर पोचतो आणि ‘मला त्रास होतोय’ म्हणायची त्याला लाज वाटते.

गोळीबद्दल सगळेच विचारतात. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, प्रतिबंधासाठी प्रौढांना साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाई सुरू करायच्या आदल्या दिवसापासून देतात. ती लक्षणं झाकत नाही, जुळवून घेण्याची प्रक्रिया लवकर सुरू करते. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोड्याची पेयं बेचव लागतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नका, आणि घ्यायचीच असेल तर घरी एक-दोन दिवस घेऊन पाहा. पण कार्यक्रमच वाईट असेल तर गोळी घेऊन तो चांगला होत नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य, दोन्हींनी रात्रीचा श्वास मंदावतो. प्राणवायूचे छोटे फवारे मिळतात ते काही मिनिटांत संपतात. ऑक्सिमीटर न्यायला हरकत नाही, पण गार बोटांवर तो वाट्टेल ते दाखवतो आणि चार हजार मीटरवर ऐंशीच्या घरातला आकडा पुष्कळांत दिसतो. रात्री जेवणानंतर सगळ्या गटाने आकड्यांची शर्यत लावलेली मी पाहिली आहे. त्यातून फक्त काळजी वाढते. लक्षणांकडे बघा.

घरची तयारी

तीन महिने आधी सुरुवात करा. आठवड्यातून तीन-चार दिवस जिने किंवा टेकडी, आणि सॅकचं वजन हळूहळू वाढवत न्या. सुट्टीच्या दोन्ही दिवशी लागोपाठ लांब चाला. दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांनी निघणं हाच ट्रेकचा खरा सराव. उतरण्याचा सरावही तितकाच करा, मांड्या आणि गुडघे उतारावर बोलतात. दमा, रक्तदाब, हृदय किंवा फुप्फुसाचा काही इतिहास असेल, गरोदरपण असेल, तर पैसे भरायच्या आधी डॉक्टरांकडे जा.

बूट निदान दोन महिने आधी घ्या, मोजे घालून पुढे अंगठ्याएवढी जागा राहील असे, आणि ते वापरून मऊ करा. एक रात्र तंबूत झोपूनही पाहा, गच्चीवर का होईना. हेडटॉर्चच्या उजेडात, हातमोजे घालून, स्लीपिंग बॅग तिच्या पिशवीत कोंबायचा प्रयत्न करा. हास्यास्पद वाटेल, पण कडाक्याच्या थंडीत हे रोज सकाळी करायचं आहे.

रात्रीचं सामान

दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. खालच्या गावात रात्री १५ अंश असतील तर २,५०० मीटर वर शून्याच्या आसपास. आकाश निरभ्र असलं आणि वारा सुटला तर त्याहून बराच गारठा जाणवतो.

स्लीपिंग बॅग घेताना लेबलवरचे तीन आकडे बघा. ‘कम्फर्ट’ म्हणजे त्या तापमानाला माणूस निवांत झोपेल. ‘लिमिट’ म्हणजे कुडकुडत, आखडून रात्र निघेल. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचण्यापुरतं. दुकानात मोठ्या अक्षरांत बहुधा सर्वांत गार आकडा लिहिलेला असतो. तुम्ही कम्फर्टचाच आकडा धरा आणि अपेक्षित थंडीपेक्षा आणखी पाच अंश खालच्या आकड्याची बॅग घ्या. पिसांची बॅग हलकी आणि उबदार असते पण ओली झाली की निकामी. कृत्रिम धाग्याची जड, पण दमटपणा सोसते. भाड्याने मिळणारी बॅग आधी उघडून, झटकून, चेन चालवून बघा.

मॅटकडे मात्र कुणी लक्ष देत नाही, आणि अर्धी थंडी खालून येते. अंगाखाली दबलेल्या पिसांत हवाच राहत नाही, त्यामुळे बॅग कितीही महाग असली तरी पाठीखाली तिचा उपयोग नसतो. मॅटवर आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवण्याची क्षमता, लिहिलेली असते. बर्फावर किंवा गोठलेल्या जमिनीवर झोपायचं तर ती पाचच्या आसपास हवी. हवा भरायच्या मॅटखाली एक साधी फोमची मॅट टाकली तर ऊबही वाढते आणि भोक पडलं तर रात्रही निघते.

कपड्यांत सुती काही नको. घाम आला की सुती कापड वाळत नाही आणि अंगावर गार पडतं. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीस, थांबल्यावर घालायला पिसांचं जाकीट, वरून वारा-पाऊस अडवणारं कवच. याशिवाय झोपायचा एक कोरडा जोड आणि एक जोडी जाड मोजे, जे तुम्ही दिवसा कधीही घालणार नाही. उद्याचे कपडे कितीही ओले असोत, हा जोड चालण्यासाठी काढायचा नाही. मोह होतो, पण नाही.

गॉगल ही चैन नाही. दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ढगाळ दिवशीही डोळे भाजतात, आणि ते कळतं काही तासांनी, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झाल्यावर. बर्फावर चौथ्या श्रेणीची, म्हणजे सर्वांत गडद, बाजूने झाकलेली काच हवी. गटात एक जादा गॉगल असू द्या.

मोठं सामान घोड्यांवर किंवा हमालांकडे असलं तरी पाठीवरच्या सॅकमध्ये पावसाचं जाकीट, पिसांचं जाकीट, टोपी, हातमोजे, हेडटॉर्च, पाणी आणि खाऊ हवाच. सामान तुमच्यानंतर तीन तासांनी पोचू शकतं.

कॅम्पवर पोचल्यापासून झोपेपर्यंत

पोचल्या पोचल्या सॅक टाकून आडवं व्हावंसं वाटतं. होऊ नका. आधी घामाचा आतला कपडा बदला, अंग गरम आहे तोवरच. दहा मिनिटं उशीर केला तर हुडहुडी भरते आणि मग रात्रभर ऊब येत नाही. टोपी घाला, गरम काहीतरी प्या. तासाभराने हळूहळू शंभर-दीडशे मीटर वर चालून या, तिथे जरा बसा आणि उतरा. दुपारी झोपणं टाळा.

तंबूची जागा तुमच्या हातात असेल तर खळगा टाळा, गार हवा रात्री तिथेच साचते. ओढ्याचं कोरडं पात्र नको, दगड किंवा बर्फ घसरून आलेल्या उताराचा पायथाही नको. आजूबाजूला ताजे, कोरे तुटलेले दगड दिसले तर ते वरून आलेत, एवढं ओळखावं. तंबूचं निमुळतं टोक वाऱ्याकडे, दार आडोशाला. दोऱ्या सगळ्या ताणा, संध्याकाळी वारा पडलेला असला तरी.

झरोके उघडे ठेवा. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलं की श्वासातली वाफ आतल्या कापडावर गोठते आणि सकाळी हलवताच तोंडावर बर्फाचा चुरा पडतो, बॅग ओली होते. ऊब राखायची ती बॅगेत. तंबूची हवा बाहेरच्याइतकीच गार राहणार, हे मान्य करून टाका. आणि तंबूत स्टोव्ह कधीही पेटवू नका, ऊब घ्यायला तर नाहीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने डोकं दुखतं, मळमळतं, गळून जायला होतं. हुबेहूब उंचीच्या आजारासारखं. घोटाळा इथेच होतो.

झोपायच्या आधी उकळतं पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, मोज्यात घाला आणि पायांशी किंवा मांड्यांमध्ये ठेवा. हीच बाटली सकाळचं पिण्याचं पाणी. बाहेर ठेवायच्या बाटल्या उलट्या ठेवा, बर्फ आधी पृष्ठभागावर धरतो, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. फोन, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, पाण्याचा फिल्टर, उद्याचे मोजे, सगळं बॅगेत सोबत. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की आतून फाटतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. बूट पिशवीत घालून तंबूच्या आत घ्या. तोंड बॅगेत खुपसून श्वास सोडू नका, दमटपणा आत साठतो. थोडं काही खाऊन झोपलं तर अंग तापलेलं राहतं.

रात्री जाग आली आणि लघवी लागली असेल तर लगेच जा. तासभर तगमग करून शेवटी जावंच लागतं आणि तेवढी झोप फुकट जाते. पुष्कळ जण वेगळी, रुंद तोंडाची, ओळखू येईल अशी खूण केलेली बाटली तंबूत ठेवतात. बायकांसाठी त्याला जोडायचं नरसाळं मिळतं. ऐकायला कसंसंच वाटतं, पण बाहेर हिमवारा सुटलेला असताना मत बदलतं.

पाणी, खाणं आणि आडोसा

दिवसाला तीन ते चार लिटर पाणी, लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतकं. त्याहून जास्त ढोसून उंचीचा आजार टळत नाही, उलट शरीरातलं मीठ कमी होतं. ४,५०० मीटरला पाणी साधारण ८५ अंशांना उकळतं. अन्न शिजायला त्यामुळे वेळ आणि इंधन जास्त लागतं, पण जंतू मारायला तेवढी उष्णता पुरते. खळखळून उकळी आल्यावर तीन मिनिटं ठेवा. क्लोरीनच्या गोळ्यांना गार पाण्यात जास्त वेळ द्यावा लागतो. हिमनदीचं गढूळ पाणी रात्रभर निवळू द्या, नाहीतर फिल्टर तुंबतो.

वर भूक मरते. पौष्टिक म्हणून आणलेलं, पण न आवडणारं काहीही वर खाल्लं जात नाही. तुम्हाला मनापासून आवडणारा सुका खाऊ न्या आणि तासातासाने थोडा थोडा खा.

शौचाला पाण्यापासून निदान साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा. माती गोठलेली किंवा नुसता खडक असेल तर पिशवीतून परत आणा. कागद तर नेहमीच परत आणा. जेवणाआधी हात साबणाने धुवा, पाणी कितीही गार असो. पोट बिघडलेल्या माणसाला उंची दुप्पट छळते. ओआरएसची पाकिटं प्रत्येकाकडे हवीत.

चालणं आणि खिंडीचा दिवस

वेगाची कसोटी एकच: पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्दाशब्दाला थांबावं लागत असेल तर वेग जास्त आहे. तीव्र चढावर प्रत्येक पावलाला मागचा गुडघा क्षणभर सरळ करून भार हाडांवर सोडा, स्नायूंना तेवढीच उसंत मिळते. वेळेचा अंदाज बांधायला स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२चा नियम अजून वापरतात: ताशी पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जादा. चार हजार मीटरच्या वर मी त्या वेळेची सरळ दीडपट करतो, आणि तरी कधी कमी पडते.

हिमनदीतून येणारे ओढे पहाटे सर्वांत उतरलेले असतात, दुपारनंतर वितळलेल्या बर्फाने फुगतात. ओलांडायचा ओढा सकाळी येईल असा दिवस बसवा. उतरताना सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर ती चटकन टाकता येईल. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच पाय हलवायचा.

खिंडीच्या दिवशी निघायचं ते पहाटे दोन ते चारच्या दरम्यान. बर्फ घट्ट असतो, वारा कमी असतो आणि दुपारचे ढग जमायच्या आत तुम्ही पलीकडे उतरलेले असता. आदल्या संध्याकाळीच परतीची वेळ ठरवा, समजा अकरा. अकरा वाजता जिथे असाल तिथून मागे, खिंड समोर दिसत असली तरी. ही वेळ तिथे वर ठरवता येत नाही. विरळ हवेत, थकव्यात आणि ‘अजून अर्धा तासच’ म्हणणाऱ्या सोबत्यांत कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. घट्ट बर्फाच्या सौम्य उताराला मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटावर चढवायचे छोटे खिळे, पुरतात, तीव्र उतार असेल तर क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाला बांधायचे लांब पोलादी दाते, आणि ते वापरायचा सराव हवा, आणि भेगाळलेल्या हिमनदीवर दोर आणि जाणकार वाटाड्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. गडगडाट ऐकू आला तर धारेवरून लगेच खाली. अडकलात तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, मग पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं येतं.

उतरताना बुटाची नाडी घोट्याशी घट्ट बांधा, म्हणजे पाय पुढे सरकून बोटं आपटणार नाहीत. पायाची नखं ट्रेकला निघायच्या दोन दिवस आधी कापलेली असावीत, नाहीतर उताराच्या पहिल्याच दिवशी काळी पडतात. काठ्यांची लांबी थोडी वाढवा. कातडी एखाद्या जागी गरम लागली की तिथेच बसून टेप लावा, फोड यायची वाट बघू नका. घरी पोचल्यावर तंबू आणि बॅग दोन दिवस सावलीत पूर्ण वाळू द्या. स्लीपिंग बॅग दाबून ठेवायच्या पिशवीत परत घालू नका. मोठ्या सैल पिशवीत ठेवा किंवा टांगा, नाहीतर पुढच्या खेपेपर्यंत तिची निम्मी ऊब गेलेली असते.